कॅमेऱ्याचं वय

गेले दोन महिने आमच्या घरी एका स्थळाची चौकशी चालू आहे. वय किती, वजन किती, घराणं कोणतं, अंधारात नीट दिसतं का, सारं बारकाईनं विचारून झालं. स्थळ म्हणजे एक कॅमेरा. आमच्या लेकीनं बेंगळुरूहून फोनवर जाहीर केलं, "आई, तुझ्या पासष्टीला मी तुला नवा कॅमेरा घेऊन देणार. तो जुना आता काढून टाक." जावईबापूंनी मागून दुजोरा दिला. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "का? चालत नाही का तो?"

चालतो. अडचण तीच तर आहे. बिघडला असता तर प्रश्नच नव्हता. मिक्सर जळला की आपण दुसऱ्या दिवशी नवा आणतो, चर्चा करत बसत नाही. चालत्या वस्तूला निरोप द्यायचा म्हणजे कारण हवं, आणि कारण शोधायला गेलं की घरातल्या प्रत्येकाला वेगळंच सापडतं.

हा कॅमेरा निकॉनचा डी ९०. तो २००८ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला आणि २००९ साली, सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा दुसरा हप्ता हाती आला तेव्हा, मी तो घेतला. पहिल्या हप्त्यात गच्चीची गळती थांबवली होती. दुसरा हप्ता माझा, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत व्हिडिओ घेणारा हा पहिला, म्हणून तेव्हा त्याचं केवढं कौतुक! मी त्यावर आजवर दोनदाच व्हिडिओ घेतला. एकदा लेकीच्या लग्नात, एकदा माळ्यावर व्यालेल्या मांजरीच्या पिलांचा.

लेकीचा पहिला मुद्दा मेगापिक्सेलचा. "आई, तुझा बाराचा आहे. आता चोवीसच्या खाली कोणी बोलतसुद्धा नाही." बारा आणि चोवीस म्हटलं की वाटतं, फोटो दुप्पट मोठा होणार. ह्यांची सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली. त्यांनी लगेच पाठकोरा कागद ओढला. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे आडवे ४,२८८ आणि उभे २,८४८ ठिपके. चोवीसवाल्याचे साधारण ६,००० आणि ४,०००. म्हणजे लांबी दुप्पट होत नाही, १.४ पट होते, कारण वाढ दोन्ही दिशांना वाटली जाते. उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात असं धरलं, तर आपल्या नेहमीच्या चार बाय सहाच्या फोटोला जेमतेम २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. आठ बाय बाराला ८६ लाख ४० हजार. माझ्याकडे आहेत सव्वाशे लाखांच्या आसपास. "बारा बाय अठराचा मोठा फोटो काढलास तरी इंचाला २३७ ठिपके पडतात," हे म्हणाले, "आणि एवढा मोठा फोटो नाकाला लावून कोण बघतंय?"

नाकाला लावून बघणारं एक माणूस आमच्या घरात आहे. माझ्या सासूबाई. वय एकोणनव्वद. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजल्यामुळे त्यांना समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. फोटो त्या खिडकीत नेतात, डोळ्याजवळ धरतात आणि मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तशा बघतात. फोनवरचा फोटो त्यांच्या कामाचा नाही. हातात धरला की बोट लागतं आणि नातीच्या जागी कुणाच्या तरी वरणफळांचा फोटो येतो. म्हणून त्यांच्यासाठी मी दर महिन्याला आठ बाय बाराचे चार-पाच फोटो छापून आणते. त्या ते उशीखाली ठेवतात, आलेल्या-गेलेल्याला दाखवतात आणि दाखवताना प्रत्येकाचं नातं बरोबर सांगतात.

फोनचा विषय निघालाच आहे तर सांगते. जावईबापूंचं म्हणणं, आता कॅमेराच कशाला, चांगला फोन घ्या. जगानं ते कधीच मान्य केलं आहे. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते, २०२३ मध्ये ते ८० लाखांच्याही खाली आले. फोन वाईट मुळीच नाही. अंधारात तो एका फोटोऐवजी भराभर अनेक फोटो घेतो आणि त्यांची बेरीज करून एक देतो. ती करामत माझ्या कॅमेऱ्याला जन्मात जमणार नाही. पण गेल्या गणपतीत लेकीनं तिच्या फोनवर आजीचा फोटो काढला, मी तो मुद्दाम छापून आणला, आणि सासूबाईंनी तिरक्या मानेनं बघून विचारलं, "ही कोण गं?" फोनमधल्या चेहरा उजळायच्या सोयीनं त्यांच्या सुरकुत्या पुसल्या होत्याच, शिवाय कपाळावरचं गोंदणही पुसलं होतं. सात वर्षांच्या असताना माहेरी गोंदवलेला हिरवा ठिपका तो. ती सोय बंद करता येते, हे खरं. पण एवढ्या गर्दीत ते बटण कोण शोधतं?

वाद मिटेना तेव्हा ह्यांनीच तोडगा काढला. म्हणाले, "महिनाभर एक वही ठेव. जेव्हा जेव्हा हवा तो फोटो मिळणार नाही, तेव्हा तारीख आणि कारण लिही. मग ठरवू." मी तसं केलं. महिन्याअखेर तेवीस नोंदी झाल्या. त्यांतल्या नऊ वेळा कॅमेरा कपाटात होता आणि क्षण अंगणात होता. पाच वेळा तो जड म्हणून बरोबर नेला नव्हता. चार वेळा बॅटरी बसली. तीन वेळा उजेड पुरला नाही. दोन वेळा नेम सासूबाईंच्या डोळ्यांऐवजी चष्म्याच्या दांडीवर बसला. मेगापिक्सेल कमी पडले म्हणून गेलेला फोटो एकही नव्हता.

वजनाची तक्रार मात्र खरी आहे. बॅटरी आणि लेन्स धरून माझा कॅमेरा किलोच्या वर जातो, आणि माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी धरला होता. अर्थात तक्रारीलाही मर्यादा हवी. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो साडेतीन किलोंच्याही वर होता आणि शंभर बाय शंभर ठिपक्यांचं एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. त्यामानानं माझा म्हणजे पिसासारखा. पण सराफ्यातल्या गर्दीत ते पीस गळ्यात अडकवून तासभर हिंडलं की सॅसनसाहेबांची आठवण येऊन काही हलकं वाटत नाही.

अंधाराचं गणितही मी करून पाहिलं. उजेड कमी असला की आयएसओ वाढवावा लागतो. म्हणजे कॅमेरा मिळालेल्या तुटपुंज्या प्रकाशाचाच आवाज मोठा करतो आणि त्याबरोबर खरखरही मोठी होते. जुन्या रेडिओसारखंच. माझ्या कॅमेऱ्यात १६०० पर्यंत ठीक, ३२०० ला रवा सांडल्यासारखा दिसतो. आजचे सेन्सर याहून चांगले आहेत यात शंका नाही. पण कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सचं तोंड लांबच्या टोकाला एफ ५.६ इतकंच उघडतं, आणि माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली पन्नास मिलिमीटरची छोटी लेन्स आहे ती एफ १.८ पर्यंत. वर्गाचा हिशेब केला तर दुसरीतून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. दहापट! एवढा फरक नुसता कॅमेरा बदलून पडत नाही.

या छोट्या लेन्सची एक गंमत आहे. तिच्यात स्वतःची मोटर नाही. नेम धरायला तिला कॅमेऱ्याच्या पोटातली मोटर फिरवते, आणि ती डी ९० मध्ये आहे. निकॉननं १९५९ पासून लेन्स बसवायची एकच खाच ठेवली होती. २०१८ साली बिनआरशाचे मोठे कॅमेरे आणताना ती बदलली. जुन्या लेन्ससाठी जोडकडी मिळते, पण तिच्यातही मोटर नाही. म्हणजे नव्या घरी माझी लेन्स बसेल, पण नेम हातानं धरावा लागेल. कॅमेरा बदलायचा म्हणजे नुसता कॅमेरा बदलत नाही, त्याच्यामागे सारा संसार बदलतो. दुकानदारानं लेन्ससकट लाखाच्या आसपासचा आकडा सांगितला तो त्यामुळेच.

एका बाबतीत मात्र नव्याचीच बाजू घ्यावी लागते. तो माणसाचा डोळा स्वतः शोधतो. समोरचा हलला तरी नेम डोळ्यावरच राहतो. माझ्या कॅमेऱ्यात नेमाच्या अकरा जागा आहेत आणि त्यांतली कोणती निवडायची हे माझ्या साठी उलटलेल्या नजरेला ठरवावं लागतं. चष्म्याच्या दांडीवरचे ते दोन फोटो नव्यानं नक्की वाचवले असते, आणि त्यांतला एक फार सुरेख होता. सासूबाई शेंगा सोलताना हसत होत्या.

हे दोन फोटो मला एवढे का सलतात, त्याला कारण आहे. श्रावणात एके दुपारी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, माझा एक नीटसा काढून ठेव. भिंतीवरचा." मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय!" तर म्हणाल्या, "काहीतरीच काय त्यात? ह्यांचं काय झालं बघतेस ना." मामंजी गेले तेव्हा घाईघाईत त्यांचा फोटो एका लग्नाच्या समूहातून कापून मोठा केला होता. ते भलतीकडेच बघताहेत, आणि शेजारच्या माणसाच्या फेट्याचा शेमला आजही त्यांच्या खांद्यावर आहे. तो माणूस कोण, हे आता कुणालाच सांगता येत नाही. "मला असं कुणाचं सामान खांद्यावर नको," सासूबाई म्हणाल्या.

लेकीला हे कळलं आणि त्यानंतरच तिचा तो फोन आला. ती भेट पासष्टीची नव्हती, भिंतीवरच्या फोटोची होती. आजीचा शेवटपर्यंत राहणारा फोटो सोळा-सतरा वर्षांच्या कॅमेऱ्यावर का काढायचा, हा तिचा प्रश्न. आणि तो काही वेडा नव्हे.

म्हणून मी दुकानात जाऊन आले. विक्रेता मुलगा चांगला होता. "काकू, हा बघा, अजिबात आवाज करत नाही," असं म्हणून त्यानं माझे चार फोटो काढले आणि मला पत्ताही लागला नाही. मी घरी येऊन त्या शांततेचा विचार करत बसले. सासूबाईंना माझा चेहरा दिसत नाही, पण कान अजून तिखट आहेत. माझ्या कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जातो तेव्हा ठसठशीत 'खटक' असा आवाज होतो. पहिली खटक झाली की त्या पदर सारखा करतात. दुसरीला हनुवटी वर घेतात. तिसरीला म्हणतात, "झाला का?" आणि त्या दोन शब्दांच्या आगेमागे जो चेहरा असतो, तो त्यांचा खरा चेहरा. नव्यातही आवाज चालू ठेवता येतो म्हणे, पण तो मऊ. खोलीपलीकडून त्यांना ऐकू येईलसा नाही. न कळत घेतलेला फोटो चांगला येतो असं सगळे म्हणतात. पण दिसत नसलेल्या माणसाचा न कळत फोटो घेणं मला काही रुचत नाही.

तेव्हा सध्यापुरतं असं ठरलं आहे. कॅमेरा राहील. कंपनीनं त्याचं शटर एक लाख वेळा उघडझाप करून तपासलेलं आहे. माझे किती झाले ते जावईबापूंनी एका फोटोची पोटातली माहिती संगणकावर उघडून शोधलं. बासष्ट हजारांच्या वर. म्हणजे अजून बराच पल्ला आहे, आणि तो संपला की मी नव्याला नाही म्हणणार नाही. खांदाही तोवर तेच म्हणत असेल. लेकीला मी दोन बॅटऱ्या आणि सेन्सरची साफसफाई मागितली. "वाढदिवसाला बॅटऱ्या कोण देतं गं?" म्हणून ती जरा रुसली, मग दोन्ही पाठवल्या आणि वर छपाईसाठी पैसेही पाठवले. कॅमेरा कपाटातून निघून आता फ्रिजवर बसतो, छोटी लेन्स लावून. तसा तो हलकाही होतो.

भिंतीवरचा फोटो अजून व्हायचा आहे. एक मी काढला, बारा बाय अठराचा छापूनही आणला. कपाळावरचं गोंदण सुद्धा स्वच्छ आलं होतं. सासूबाईंनी तो खिडकीत नेला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि परत दिला. "छान आहे. पण यात मी फार गरीब गाय दिसते. मी तशी होते का?" ह्यांनी घाईनं "नाही, नाही" म्हटलं. मग त्यांनीच सांगितलं, थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार पलंगापर्यंत येतं, तेव्हा काढ. संक्रांतीला, काळी चंद्रकळा नेसल्यावर. मी चंद्रकळा ट्रंकेतून काढून उन्हात टाकली आहे, आणि खिडकीला लावायला पांढऱ्या मलमलीचा पडदा शिवायला घेतला आहे.