घर पाहावे हिंडून

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्यांची मुले पुण्याकडे नोकरीला गेली, त्यांच्या वाट्याला आता दुसऱ्याने बांधायला घेतलेले घर हिंडून पाहणे आले आहे. मुलगा तिकडून फोन करतो, “आबा, फ्लॅट पसंत पडलाय, थोडे पैसे कमी पडतात.” मग इकडे ओसरीवर रस्त्याकडेच्या तुकड्याची गोष्ट निघते. जमीन एकदा गेली की परत येत नाही. म्हणून हे घर पाहणे कसे असते, ते गावाकडच्या मंडळींनीही जाणून घ्यावे.

मागच्या हिवाळ्यात पुतण्या आणि सूनबाई यांच्याबरोबर दोन रविवार मी पुण्याच्या पूर्व अंगाला हिंडलो. हडपसर, मांजरी, वाघोली असा फेरा होता. शेतकऱ्याला हा भाग परका नाही. मांजरी गोटा वांगे याच मांजरीच्या नावाचे. वसंतदादा साखर संस्था आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ही दोन्ही मांजरीतच. हडपसरला मगरपट्टा आहे. तिथल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली. ती विकून मोकळे होण्याऐवजी ते स्वतःच नव्या वसाहतीचे भागीदार झाले. पण असे उदाहरण विरळा. बाकी ठिकाणी जिथे ऊस आणि भाजीपाला होता, तिथे आज बारा-पंधरा मजली इमारती उभ्या आहेत. मांजरी बुद्रुक आणि वाघोली ही गावे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली.

रविवारी या रस्त्यांना जत्रेचे रूप येते. दुतर्फा रंगीत झेंडे, फाटकाशी टाय लावलेला तरुण. आत थंडगार दिवाणखाना, चहा, पाणी, आणि मधोमध काचेखाली इमारतीची लहानशी प्रतिकृती. तिच्याभोवती हिरवीगार झाडी पाहून सूनबाई हरखली. मी विचारले, “ही झाडी कोणत्या जागेत येणार?” नकाशा काढला तेव्हा तो भाग शेजारच्या मालकाचा निघाला.

मग नमुन्याचा फ्लॅट दाखवतात. भर दुपारी सगळे दिवे लावलेले, भिंतीला मोठाले आरसे. खोल्यांना दारेच नव्हती, त्यामुळे जागा ऐसपैस वाटत होती. पीक कापणी प्रयोगाला नेतो तसली टेप माझ्या पिशवीत होती. पलंग मोजला तर लांबी साडेपाच फूट भरली. पुतण्या सहा फुटांचा आहे. तो हसून म्हणाला, “काका, मला पाय दुमडून झोपावे लागेल!”

आमच्या खात्यात आम्ही प्रात्यक्षिकाचा प्लॉट घेतो. रान चांगले, पाणी वेळेवर, खुरपणी चोख. शहाणा शेतकरी तो पाहून मान डोलावतो, पण पुढे विचारतो, “साहेब, पलीकडच्या साध्या रानात काय पिकले?” नमुन्याच्या फ्लॅटचेही तसेच आहे. तो खोटा नसतो, पण तुम्हाला मिळणार असतो दुसराच. म्हणून आम्ही खरा फ्लॅट पाहायचा आग्रह धरला. डोक्यावर टोपी चढवून कच्च्या जिन्याने सातव्या मजल्यावर गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचे खांब वर येत होते. दुपारी बाराला तिथे अंधार होता.

संध्याकाळी वाघोलीत लोक राहायला आलेल्या एका इमारतीच्या फाटकाशी उभे राहिलो. अर्ध्या तासात पाण्याचे तीन टँकर आत गेले. राखणदार बीडकडचा. तो म्हणाला, “हा हिवाळा आहे साहेब, वैशाखात येऊन बघा.” हा टँकरचा खर्च महिन्याच्या देखभालीत येतो, फ्लॅटच्या किमतीत तो कोणी सांगत नाही. विहीर पाहिल्याशिवाय आपण रान घेत नाही, मग घर का घ्यावे?

पहिल्या ठिकाणच्या तरुणाने निघताना सांगितले होते, “आज बुकिंग केले तरच हा भाव.” सूनबाईने शांतपणे विचारले, “घर तेच आहे, मग उद्या भाव का नाही?” त्याला उत्तर सुचले नाही.

कायद्याचा आधारही समजून घ्यावा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर विचारावा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत. प्रकल्पाची महारेराकडची नोंद आणि घर कधी मिळणार ती तारीख मोबाईलवर पाहता येते. जाहिरात किंवा नमुन्याचा फ्लॅट खोटा निघून नुकसान झाले तर भरपाई मागता येते. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी पडतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर पडत नाही. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. जमिनीचा सातबारा आणि मालकीची कागदपत्रे मात्र आपल्या वकिलाकडूनच तपासून घ्यावी, बिल्डरच्या नव्हे.

आमच्या थोरल्या भावाने विहिरीजवळचे दीड एकर विकायची तयारी केली होती. सगळा हिशेब मांडल्यावर पुतण्याच म्हणाला, “त्या रानाच्या पैशात फक्त एक खोली वाढते.” शेवटी मांजरीला आठ वर्षे जुन्या इमारतीत दोन खोल्यांचे, भोगवटा दाखला असलेले घर घेतले. नळाला पाणी येते ते दोनदा जाऊन पाहिले, शेजाऱ्यांशी बोललो. बँकेचे कर्ज पगारात बसते तेवढेच काढले. भावाने त्या हंगामाचे उसाचे बिल दिले. दीड एकर अजून आमचेच आहे.

तेव्हा मुलगा घर पाहायला निघाला की घरातल्या जाणत्याने बरोबर जावे. त्याच्या आईलाही न्यावे. स्वयंपाकघर तिला जास्त कळते. टेप न्यावी. एकदा रविवारी जावे, तर दुसऱ्यांदा कामाच्या दिवशी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी. जमल्यास एक फेरी उन्हाळ्यात आणि एक पावसात मारावी. आणि कितीही गळ घातली तरी पहिल्या भेटीत बयाणा देऊ नये.