डावा पाय, उजवा हात

आयोवात लेकीकडे आलोय. मक्याच्या शेतांमधून खडीचा रस्ता, अंगणाच्या तोंडाशी खांबावर टपालपेटी. सकाळी टपालाची जीप येऊन थांबली तर चालक उजवीकडे. क्षणभर आपल्याकडचीच गाडी वाटली. पण आपला चालक उजवीकडे बसतो तो रस्त्याच्या मधल्या अंगाला. ही बाई बसली होती कडेच्या अंगाला, पेटीला खेटून. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, पेट्याही उजवीकडे, म्हणून स्टिअरिंगही उजवीकडे.

*

अमेरिकेच्या खेड्यांत हे घरपोच टपाल तसं उशिराच आलं. १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउन, हॉलटाउन आणि युव्हिला इथून प्रयोग सुरू झाला, १९०२ मध्ये तो कायम झाला. तोवर शेतकऱ्याने तालुक्याला चक्कर टाकायची आणि आपली पत्रं आपणच आणायची. वाट धड नसेल तर टपाल मिळणार नाही, म्हणून कितीतरी ठिकाणी लोकांनी आधी रस्ते दुरुस्त केले. पत्रासाठी रस्ता! हे वाचून फार बरं वाटलं.

घोडा आणि बग्गी मात्र टपालवाल्याची स्वतःची. ती रीत पुरती गेलेली नाही. आजही कित्येक ग्रामीण मार्गांवर गाडी टपालवाल्याचीच असते. टपाल खातं तिच्यासाठी भत्ता देतं.

*

पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच. बसल्या माणसाचा हात खिडकीतून सरळ जाईल, एवढाच. कमानीच्या पाठीची ही पेटी १९१५ मध्ये टपाल खात्यातल्या रॉय जोरोलमन या इंजिनिअरने आखली. बाजूला लाल निशाण. आपल्याला पत्र पाठवायचं असेल तर ते उभं करायचं.

*

उजव्या स्टिअरिंगची गाडी मिळाली नाही तर? हे मी त्या टपालवाल्या बाईलाच विचारलं. तिने पहिली काही वर्षं साध्या, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत काढली होती. तिने बसूनच दाखवलं. बूड उजव्या सीटवर. डावा पाय मधला उंचवटा ओलांडून ब्रेकवर आणि ॲक्सिलरेटरवर. डावा हात लांब करून चाकावर. उजवा हात पेटीत. पेटी उघड, टपाल ठेव, पेटी मीट, ब्रेक सोड, पुढची पेटी. दिवसातून काहीशे वेळा.

गिअर आपोआप बदलतात म्हणूनच हे जमतं. क्लच असता तर तिसरा पाय लागला असता. आणि पुढची सीट बाकासारखी सलग हवी. नव्या गाड्यांत दोन सीटांच्या मध्ये खोकं आलं आणि ही सोयही गेली. मग कुणी उजवीकडे दुसरं चाक आणि दुसरे पेडल बसवून घेतात, पट्ट्याने किंवा साखळीने मूळ यंत्रणेला जोडलेले.

ती बोलत होती तेव्हा तिचा डावा हात सारखा कमरेकडे जात होता. मी पुढे काही विचारलं नाही.

*

कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगच्या निघालेल्या गाड्या अमेरिकेत थोड्याच. जीप ही त्यातली जुनी मानकरी. चेरोकी आणि रँग्लर ही नावं टपालवाल्यांच्या तोंडी. काही काळ सुबारू आणि सॅटर्ननेही काढल्या.

अलीकडे जपानहून छोट्या व्हॅन येतात, सुझुकी एव्हरीसारख्या. जपानात वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे स्टिअरिंग मुळातच उजवीकडे. पण २५ वर्षांहून जुनीच गाडी अशी सहज आणता येते. म्हणजे तिथे आयुष्य काढून आलेली गाडी इथे पुन्हा नोकरीला लागते.

*

टपाल खात्याची स्वतःची पांढरी, चौकोनी गाडी ग्रुमन कंपनीची, १९८७ ते १९९४ मध्ये बनलेली. अंग ॲल्युमिनियमचं, खाली शेवरलेच्या लहान पिकअपचा सांगाडा. आखलेलं आयुष्य केव्हाच संपलं, तरी ती तिशी ओलांडूनही धावतेय. तिच्यात ना एसी, ना एअरबॅग. जुलैच्या उन्हात त्या ॲल्युमिनियमच्या डब्यात माणूस बसवायचा, हे मला पटत नाही. ऑशकॉशची नवी गाडी २०२४ पासून येऊ लागली. तिच्यात दोन्ही आहेत. चालक अर्थात उजवीकडेच.

*

आमच्या गावचा बटवडा सायकलवर. पोस्टमन ओट्यावर टेकायचा, पाणी प्यायचा, आजीला पत्र वाचून दाखवायचा. इथे पत्र पेटीला मिळतं, माणसाला नाही, असं पहिल्या आठवड्यात मी लिहून ठेवलं होतं. आज ते खोडलं. समोरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पेटीत कालचं टपाल तसंच दिसलं, तेव्हा ती टपालवाली बाई जीपमधून उतरली आणि दार वाजवायला गेली.

*

साताऱ्याला बहिणीला पत्र लिहिलं. तिकीट नव्हतं. लेक म्हणाली, "बाबा, पैसे पाकिटात घालून पेटीत ठेवा. ती तिकीट लावून नेईल." ठेवले. निशाण उभं केलं. खडीवर चाकं वाजली, उजव्या खिडकीतून हात आला, आणि निशाण खाली पडलं.