मोहोर ३१ मार्चला थांबत नाही

हातखंब्याच्या तिठ्यावरून एक रस्ता मुंबईला जातो, एक गोव्याला आणि एक खाली रत्नागिरीत उतरतो. आमचं घर तिठ्यापासून थोडं आत, चढावर. घरामागे हापूसची सत्तर कलमं आहेत. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या डेटाबेसमधून रिपोर्ट काढून देतो.

२०२३ च्या गणपतीत घरी गेलो होतो. आरती झाल्यावर बाबा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "बाग कराराने द्यावी म्हणतोय. एक व्यापारी पाच वर्षांसाठी मागतोय. परवडतं की नाही, जरा हिशेब काढून बघ."

हिशेब म्हणजे एक दोनशे पानी वही. जून २०१९ पासूनची. तारीख, तपशील, रक्कम. खताची पोती, फवारणीची औषधं, गड्यांची मजुरी, लाकडी पेट्या, टेम्पोचं भाडं. आणि वाशीच्या मार्केटमधून दलालाने पाठवलेल्या विक्रीच्या पट्ट्या. दोन रात्री बसून मी सगळं एका टेबलात भरलं आणि एक क्वेरी लिहिली. आर्थिक वर्षानुसार ग्रुप बाय, जमा वजा खर्च. एप्रिल ते मार्च, कारण ऑफिसात सगळं तसंच चालतं.

उत्तर आलं. एखादं वर्ष जरा वर, एखादं जरा खाली, पण हाताला फार काही लागलेलं कुठल्याच वर्षी दिसत नव्हतं. मी बाबांना म्हटलं, "देऊन टाका."

त्यांनी मोबाईल लांब धरून आकडे वाचले. "तौक्तेच्या वर्षी निम्मी बाग खाली पडली होती. मग ते वर्ष नि आधीचं वर्ष सारखं कसं दिसतं?" मी गप्प. मग तेच म्हणाले, "अरे, मोहोर काय ३१ मार्चला थांबतो?"

इथे मला माझी चूक कळली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बाग नाही, त्यांच्यासाठी सांगतो. हापूसचं एक पीक वर्षभराच्या कामातून येतं. पावसाच्या तोंडावर खत घालायचं. जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून बुंध्याभोवती ओततात ते औषध. थंडी पडली की मोहोर आणि फवारण्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघतात आणि त्यांनाच चढा भाव मिळतो. एप्रिल-मेमध्ये माल वाढतो आणि भाव उतरतो. माझ्या क्वेरीने ३१ मार्चला या पिकाच्या मधोमध सुरी चालवली होती. २०२१ च्या महागड्या पेट्या एका वर्षात गेल्या होत्या. १६ मेला तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पडलेले त्याच मोहोराचे आंबे पुढच्या वर्षात. त्या वर्षात पुन्हा २०२२ च्या पहिल्या पेट्या मिसळल्या होत्या. वादळ दोन वर्षांत वाटलं गेलं आणि दिसेनासं झालं.

मग मी 'हंगाम' नावाचं दुसरं टेबल केलं. हंगामाचं नाव, सुरुवात, शेवट. वहीतली तारीख ज्या दोन तारखांच्या मधे बसेल, तो तिचा हंगाम. १ जून ते ३१ मे. पण मे महिन्यातल्या विक्रीच्या काही पट्ट्या जूनमध्ये आल्या होत्या, त्या पुढच्या हंगामात जाऊन बसल्या. म्हणून शेवट ३० जूनपर्यंत ताणला. आता जूनमध्ये घेतलेलं खत दोन्ही हंगामांत बसायला लागलं आणि दोनदा मोजलं गेलं. एरर आली नाही. क्वेरी अशा वेळी ओरडत नाही, चुकीची बेरीज शांतपणे हातात ठेवते.

तारीख एकच असली तरी जूनमधली पट्टी गेल्या मोहोराची असते आणि जूनमधलं पोतं पुढच्या. हे वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, बाबांच्या डोक्यात होतं. शेवटी तिसरं टेबल करावं लागलं. प्रत्येक हंगामात प्रत्येक कामाची स्वतंत्र मुदत. खताची वेगळी, कल्टारची वेगळी, विक्रीची वेगळी. नोंद आता दोन गोष्टींनी जोडायची: कामाचा प्रकार जुळला पाहिजे आणि तारीख त्या कामाच्या मुदतीत बसली पाहिजे. एकाच कामाच्या दोन मुदती एकमेकींवर चढता कामा नयेत. सुरुवातीची तारीख धरायची, शेवटची सोडायची, म्हणजे सीमेवरची नोंद दोनदा येत नाही आणि गळतही नाही.

मुदती बाबांनीच सांगितल्या. ओटीवर बसून, कालनिर्णयची जुनी पानं उलटत. त्या पानांवर मोहोर कधी आला, पहिली पेटी कधी गेली, हे पेन्सिलने लिहिलेलं होतं. दरवर्षीच्या तारखा वेगळ्या.

नव्या रिपोर्टमध्ये चार वर्षांची बेरीज थोडीच बदलली. या पावसाळ्यात पुढच्या पिकासाठी झालेला खर्च बाहेर पडला, एवढंच. बदलली ती वाटणी. तीन हंगामांनी पैसे दिले होते, एका हंगामाने त्यातले बरेचसे खाल्ले होते. म्हणजे मी विचारत होतो तो प्रश्नच चुकला होता. बाग परवडत होती. विचारायचं होतं ते हे, की तौक्तेसारखं आणखी एक वर्ष आलं तर आपण ते सोसू शकतो का? करारात तेच विकत मिळणार होतं. चांगल्या वर्षाचा फायदा व्यापाऱ्याचा, वाईट वर्षाची झोप आमची.

मी हे सांगत असताना आई पडवीतून म्हणाली, "यात तुझ्या बाबांची मजुरी कुठे आहे?"

नव्हती. गड्यांची रोजची मजुरी होती. पहाटे उठून बाबा फवारणीला उभे राहतात, आई पेंढा घालून पेट्या भरते, त्याची एकही ओळ वहीत नव्हती. तीन टेबलं नीट जोडूनही न लिहिलेली नोंद कुठल्याच हंगामात येत नाही. ती धरली असती तर तीन चांगल्या हंगामांपैकी एक जेमतेम बरोबरीत येत होता.

बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. दिवाळीनंतर चढावरची तीस कलमं त्यांनी कराराने दिली. त्यांच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळलं. घराजवळची चाळीस ठेवली.

वहीत आता एक रकाना वाढलाय. त्यात आई दोघांचे दिवस लिहिते. आणि मी थंडी सुरू झाली की घरी फोन करून विचारतो, "मोहोर आला का?" पूर्वी ते बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारायचो. आता मला तारीख भरायची असते.