लंब्रिजमध्ये नुकत्याच आलेल्या खेळाडूस

प्रिय नव्या खेळाडूस,


ट्युटोरियल आयलंड संपलं, लंब्रिजचा किल्ला समोर आला आणि आता ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’चं सगळं जग तुला मोकळं आहे. अमुकच कर, अशी सक्ती इथं कुणी करत नाही. त्यामुळे बरेच नवखे नदीपलीकडच्या गॉब्लिनांवर तासन् तास तलवार चालवत बसतात आणि कंटाळून खेळ सोडतात. तसं तुझं होऊ नये, म्हणून हे पत्र.

तू निवडलेला खेळ जुन्या वळणाचा आहे. केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीनं मूळ ‘रूनस्केप’ची २००७ सालची जपून ठेवलेली प्रत खेळाडूंचं मत घेऊन २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. त्याची चाल मुळातच संथ आहे. कुठल्याही स्किलमध्ये ९९ गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवगुण) लागतात, आणि ९२ या लेव्हलला त्यातला जेमतेम अर्धा रस्ता सरलेला असतो. तेव्हा आत्ताच ९९ कडे डोळे लावू नकोस. सुरुवातीचा प्रश्न एवढाच ठेव : आज काय केलं तर उद्या जास्त दारं उघडतील?

उत्तर जवळपास नेहमी एकच येतं : क्वेस्ट. लंब्रिजचा साधा गॉब्लिन मारला की २० एक्सपी मिळतात. ‘वॉटरफॉल क्वेस्ट’ पूर्ण केली की अटॅकला १३,७५० आणि स्ट्रेंग्थलाही तेवढेच मिळतात. म्हणजे दोन्ही स्किल एका फटक्यात १ वरून ३० वर. त्यासाठी १,३७५ गॉब्लिन मारावे लागले असते. या क्वेस्टला कुठल्याही लेव्हलची अट नाही, कुणाला हरवावंही लागत नाही. मात्र वाटेत फायर जायंट आहेत, म्हणून खाणं भरपूर ने आणि पळत सुट. ‘विचेस हाउस’ संपवलीस की हिटपॉइंट्स १० वरून थेट २४ होतात.

या दोन्ही क्वेस्ट मेंबर खेळाडूंसाठी आहेत. पण पैसे भरण्याची घाई नको. फुकटच्या भागातही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ‘रेस्टलेस घोस्ट’मुळे प्रेयर ९ वर जातं. मायनिंग १० झालं की ‘नाइट्स सोर्ड’ ही क्वेस्ट घे. तिच्यामुळे स्मिदिंग १ वरून २९ वर पोहोचतं. बार्बेरियन व्हिलेजच्या ‘स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटी’त पहिल्या तीन मजल्यांवर मिळून १०,००० नाणी मिळतात. तिथली दारं पार करताना खातं सुरक्षित कसं ठेवायचं याचे प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं मनापासून वाच. इथं मेहनत वाया जाण्याचं मोठं कारण राक्षस नसतात, फसवणूक असते.

नाणी दुप्पट करून देतो, चिलखत सजवून देतो, असं म्हणणाऱ्याच्या हाती काहीही देऊ नकोस. व्हॅरॉकच्या उत्तरेला वाइल्डरनेस लागतं. तिथं दुसरे खेळाडू तुला मारू शकतात. गमावलं तर वाईट वाटेल अशी एकही वस्तू घेऊन तिथं जाऊ नकोस. खऱ्या पैशांत बाहेरून नाणी विकत घेणं नियमबाह्य आहे. खातंच बंद होऊ शकतं. बँकेला पिन आणि खात्याला ऑथेंटिकेटर आजच लाव.

मेंबर झाल्यावर फार्मिंग लवकर सुरू कर. पेरलेली रोपं तू खेळात नसतानाही वाढत राहतात. ज्याला दिवसभर कॉलेज किंवा नोकरी आहे, त्याच्यासाठी याहून किफायतशीर स्किल नाही. सकाळी मोबाइलवर पेरावं, संध्याकाळी संगणकावर काढावं; खातं दोन्हीकडे एकच असतं.

तासाला सर्वाधिक एक्सपी कशात मिळतात याचे तक्ते तुला लवकरच सापडतील. त्यातले बरेच उपाय प्रचंड नाणी खातात किंवा इतका एकाग्र वेग मागतात, की नवखा अर्ध्या तासात थकतो. रोज आनंदानं करता येईल असा थोडा सावकाश मार्गच शेवटी जास्त पुढं नेतो, असं मला मनापासून वाटतं. तुझा वेळ ही या खेळातली सर्वांत महाग वस्तू आहे, कारण ती ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजारात मिळत नाही.

म्हणून एक विनंती. क्वेस्ट करताना संवाद भराभर पुढं ढकलू नकोस, वाचत जा. आणि पुढं कधी लंब्रिजच्या पुलाशी कुणी नवखा वाट विचारत थांबलेला दिसला, तर दोन मिनिटं थांबून त्याला ‘वॉटरफॉल क्वेस्ट’चं नाव नक्की सांग.

तुझा हितचिंतक,
एक जुना खेळाडू