अंगठ्याची किंमत

कामगाराच्या अवयवांचा दर कायद्याने ठरविलेला असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तो दिला होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली, एका हाताची चार बोटे गेली तर 50, एक डोळा जाऊन दुसरा शाबूत राहिला तर 40. हे कोष्टक प्रथम वाचताना अंगावर काटा येतो. पुढे मात्र आम्हांला त्याच्याविषयी आदरच वाटू लागला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे या कायद्याने कामगाराच्या डोक्यावरून उतरविले. दारूच्या अमलासारखे काही अपवाद सोडता, कामावर असताना व कामामुळे इजा झाली, एवढे दाखविले की पुरे. कोष्टक आंधळे होऊ नये याचीही सोय न्यायालयाने केली. एका सुताराचा डावा हात गेला, तेव्हा 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एका हाताने सुतारकाम होत नाही. सबब हे अपंगत्व पूर्णच मानले पाहिजे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण तत्त्व तेच राहिले.

आमच्या हैदराबादेत जीडिमेटला, पटानचेरू, चर्लापल्ली या भागांतल्या गोदामांत पाठीवरची पोती उतरली आणि फोर्कलिफ्ट आली. हमालाचे कष्ट वाचले, यात शंका नाही. पण हे यंत्र मोठे फसवे आहे. त्याची पुढची नव्हे, तर मागची चाके वळतात; त्यामुळे वळण घेताना त्याचे शेपूट बाहेर फेकले जाते आणि शेजारून चालणाऱ्याला ते उमगत नाही. पुढे माल उंच रचलेला असला की चालकाला समोरचे दिसत नाही. गाडी कलंडू लागली की चालक उडी मारायला जातो आणि तिच्याच खाली सापडतो. पट्टा बांधून आत बसून राहणे हाच तेथे बचाव. जून 2025 मध्ये पाशमैलारमच्या कारखान्यात स्फोट होऊन पन्नासहून अधिक माणसे गेली, तेव्हा सारा देश हळहळला. फोर्कलिफ्टखाली एकट्याचा पाय जातो, त्याची बातमी होत नाही. ते प्रकरण एका कागदावर मिटविले जाते.

असा एक कागद 2018 साली आमच्यापुढे आला. देगलूरकडचा तेवीस वर्षांचा तरुण, ठेकेदारामार्फत एका गोदामात लागलेला. फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकाखाली त्याचे उजवे पाऊल चिरडले होते. कागद घेऊन वडील आले होते. तेलुगू मजकूर, खाली देवनागरीत वळणदार सही.

"काय लिवलंय त्यात, सायेब?"

"सही करताना विचारलं नाही?"

"इचारलं की. दवाखान्याच्या खर्चाचा कागद हाय म्हणले."

नोकरीमुळे आम्हांला तेलुगू वाचता येते. अपघात माझ्याच निष्काळजीपणाने झाला, पंचवीस हजार रुपये पावले, यापुढे माझा कसलाही हक्क नाही, असा तो मजकूर होता.

हा कागद कायद्यापुढे कवडीमोलाचा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच 1923 च्या कायद्याच्या 17 व्या कलमाने रद्दबातल ठरविला होता. येथे तर प्रश्न त्याहून सोपा होता. पगार बारा हजार, म्हणजे एकवीस हजारांच्या मर्यादेत. मुलगा राज्य कामगार विम्याखाली येत होता. ठेकेदाराने वर्गणीचा एक रुपयाही भरलेला नव्हता, परंतु तो दोष कामगाराच्या माथी बसत नाही. ठेक्यावरील माणसांच्या वर्गणीची जबाबदारी मूळ मालकाची. त्याने ती चुकविली तर विमा महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकत असे. ठेकेदाराला लिहून दिलेल्या कागदाने महामंडळ बांधले जात नव्हते.

हे सांगायला सोपे. पदरात पडायला सात महिने लागले. हजेरीपटावर नाव नव्हते. डोळ्यांदेखत पाहिलेला सोबती गावी निघून गेला होता. अखेर कामी आली ती रुग्णालयाच्या पहिल्या रात्रीची नोंद. मोटारसायकलवरून पडला असे सांगा, म्हणजे लवकर आत घेतील, असे ठेकेदाराच्या माणसाने वडिलांना पढविले होते. म्हातारा गोंधळला आणि खरे तेच बोलून गेला: गोदामात गाडीखाली पाय सापडला. त्या एका ओळीवर सारे उभे राहिले. बसून काढलेल्या दिवसांचे नव्वद टक्के वेतन मिळाले आणि वैद्यकीय मंडळापुढे गेल्यावर दरमहा रक्कम सुरू झाली. रक्कम मोठी नाही. मुलगा आता देगलूरला किराणा दुकानात बसतो.

त्यानंतर नांदेड, उदगीर, बीदरकडच्या मुलांचे असे चार-पाच कागद आम्ही वाचून दिले. सारे तेलुगूत किंवा इंग्रजीत, आणि खाली देवनागरी सही. एकाचीही नक्कल सही करणाऱ्याच्या हाती दिलेली नव्हती. आमच्यापर्यंत आली ती कोणी तरी घाईत मोबाइलवर काढून ठेवलेली छायाचित्रे.