गंगातलावाकांठचें लेसचें झाड

महाशिवरात्रीच्या सुमारास मॉरिशस बेटावर असण्याचा योग आला, तर वाचकांनीं गंगातलाव चुकवूं नये. समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० फूट उंचीवर, एका निवालेल्या ज्वालामुखीच्या मुखांत हें सरोवर सांठलें आहे. १८९८ सालीं येथें शिवरात्रीची पहिली यात्रा निघाली. १९७२ सालीं गोमुखाहून आणलेलें गंगाजल यांत मिसळण्यांत आलें. शुभ्र वेषांतील यात्रेकरू खांद्यावर शृंगारलेल्या कांवडी घेऊन पायीं येतात. आमच्यापुढें चाललेल्या एका वृद्ध बाईंचे पूर्वज कोकणांतून उंसाच्या मळ्यांवर मजुरीस आले होते. त्यांची मराठी थोडी क्रेओल वळणाची. पण "बसा, दमलां असाल," हें अगदीं घरचें! त्यांनीं वाटेकडेचे लाल, बोराएवढे पेरू माझ्या हातावर ठेविले. मीं ते आवडीनें खाल्ले.

पुढें बेटावरील वनस्पतींचे जाणकार असलेल्या एका स्नेह्यांनीं तलावाजवळचें एक झाड मला दाखविलें. नांव 'ब्वा दांतेल', म्हणजे लेसचें झाड. फुलें पांढरीं, घंटेसारखीं खालीं लोंबणारीं. पाकळ्यांच्या कडा अशा कातरलेल्या, कीं कोणा सुगृहिणीनें क्रोशाच्या सुईनें विणल्या असाव्यात. जानेवारी ते मार्च हा त्यांचा बहर. म्हणजे शिवरात्र नेमकी त्यांत सांपडते. आणि खरी मौज ही, कीं हें झाड आपल्या रुद्राक्षाचें सख्खें भावंड आहे. शास्त्रज्ञ दोघांस एकाच प्रजातींत गणतात. गळ्यांत रुद्राक्षांच्या माळा घातलेले भक्त त्याच्या अंगावरून जात होते. वर कोणी पाहिलें नाहीं. मीं तरी आपण होऊन कोठें पाहिलें होतें?

हें झाड मॉरिशसखेरीज जगांत कोठेंहि आढळत नाहीं, आणि तेथील रानांतहि मोजकींच उरलीं आहेत. बेटावरील मूळ अरण्यापैकीं चांगल्या स्थितींतील भाग आतां शेंकडा दोनहि नाहीं. त्यांत शिरला आहे चिनी पेरू. नांव चिनी, मूळचा ब्राझीलचा! पक्षी, माकडें, रानडुकरें त्याचें बीं दूरवर नेतात, आणि त्याची जाळी इतकी दाट माजते, कीं मूळच्या झाडांच्या रोपांस वर येण्यास जागाच राहत नाहीं. बेटावर कांहीं ठिकाणीं कुंपणें घालून, हे पेरू हातांनीं उपटून जुनें रान राखलें जात आहे.

"म्हणजे सकाळीं मीं खाल्ले ते?"

"तेच," स्नेही हंसून म्हणाले.

उतरतांना बाई पुन्हा भेटल्या. पुन्हा ओंजळभर पेरू पुढें केले. नको कसें म्हणावें? मीं ते घेतले, रुमालांत गच्च बांधले, आणि रान संपेपर्यंत गांठ सोडली नाहीं.