पाण्याखालचे माहेर

वार्षिक तपसाधनेचे आठ दिवस पुण्यात मौनात घालविल्यावर नवव्या दिवशी मोकळीक मिळाली. गेल्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. सेमिनरीतले दोन तरुण ब्रदर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "फादर, उद्या आम्ही सायकलने मुळशी-ताम्हिणीला जाणार आहोत. येता का?" पन्नाशी उलटलेल्या आणि गुडघ्यांची कुरकुर रोज ऐकणाऱ्या माणसाने अशा आमंत्रणाला हसून नकार द्यावा, हेच शहाणपणाचे. परंतु 'मुळशी' हे नाव कानी पडले आणि नकार ओठांवरच राहिला. त्या तलावाकाठी मी एकदा, १९९४ साली, गेलो होतो.

सायकली टेम्पोत घालून आम्ही पहाटेच पौड गाठले. तेथून ताम्हिणीपर्यंत जाऊन परत यायचे, म्हणजे सत्तरच्या आसपास किलोमीटर. माझ्या हाती आलेल्या सायकलीला गिअर होते. कोणता केव्हा टाकावा हे शिकविताना दोघे ब्रदर माझे गुरुजी झाले होते. आमच्या वेळच्या सायकली काळ्या, उंच आणि दूधवाल्यांच्या असतात तशा दणकट होत्या. चढ आला की उतरावे आणि सायकल हाती धरून चालावे, हाच आमचा गिअर!

पौड मागे पडले तेव्हा मुळेच्या खोऱ्यात धुके होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळा पडू लागला होता. बांधांवर शेवटचा तेरडा कसाबसा तग धरून होता आणि उतारावर सोनकीची पिवळी फुले दाटली होती. मोटारीत बसलेल्याला खोऱ्याचा रंग दिसतो, पण वास येत नाही. ओल्या गवताचा, गोठ्याचा, चुलीच्या धुराचा आणि भाताचा वास सायकलस्वारालाच मिळतो. मग चढण सुरू झाली, बोलणे थांबले आणि केवळ श्वास ऐकू येऊ लागले.

धरणाच्या पुढे एका वळणावर तो विस्तीर्ण जलाशय एकदम समोर आला. पावसाळा नुकताच सरल्यामुळे तो काठोकाठ भरला होता. पलीकडच्या तीरावर डोंगरांच्या रांगा एकीमागे एक उभ्या होत्या. सर्वांत जवळची हिरवी, त्यामागची निळी, आणि शेवटची इतकी फिकट की ती रांग आहे की ढग, हे कळू नये. एका वठलेल्या झाडावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. धाकट्या ब्रदरने सायकल उभी केली आणि एकशे एकविसावे स्तोत्र म्हणावयास आरंभ केला. मी त्याला साथ दिली खरी, परंतु माझे मन तिथे नव्हते. त्याच काठावर ऐकलेले एक वाक्य तीस वर्षांनंतर वर आले होते.

१९९४ साली आम्ही चार वर्गबंधू नगर रस्त्यावरच्या आमच्या सेमिनरीतून पहाटे चारला निघून येथवर आलो होतो. पळशाच्या अलीकडे एका झोपडीपाशी पाणी मागितले. ऐंशीच्या घरातली एक आजी बाहेर आली. तिने तांब्याभर पाणी दिले, आम्ही कुठले-कोण याची चौकशी केली. तलावाकडे पाहून आमच्यातला एक जण म्हणाला, "आजी, किती सुंदर जागी राहता तुम्ही!" त्यावर ती म्हणाली, "ह्या पान्याखाली माजं म्हायार हाय, पोरांनो. म्हायाराला जायचं तर कुठल्या वाटंनं जाऊ?"

आम्ही तिला कुठले गाव, कधीची गोष्ट, हे विचारले नाही. पाणी प्यालो, आभार मानले आणि निघालो. त्या महिन्यात सेमिनरीत प्रवचनाचा सराव करण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी त्या वाक्याचा उपयोग केला. मनुष्याचे खरे माहेर म्हणजे स्वर्ग, संसाराच्या पाण्याने ते झाकले आहे, आणि आपला आत्मा त्या आजीसारखा काठावर बसून वाट शोधतो आहे, असे मी रंगवून सांगितले. प्रवचन फार वाखाणले गेले. गुरुदीक्षेनंतर दोन-तीन धर्मग्रामांत मी ते पुन्हा दिले. त्या आजीचे दुःख मी दागिन्यासारखे वापरले, आणि असे वापरताना माझ्या मनाला किंचितही बोच लागली नाही.

"फादर, हे सरोवर नैसर्गिक आहे का?" स्तोत्र संपल्यावर ब्रदरने विचारले.

"नाही," मी म्हणालो. यापलीकडे त्याला सांगण्याजोगे माझ्यापाशी फारसे नव्हते, याची मला लाज वाटली.

पुढे एका टपरीवर चहा घेण्यास थांबलो. टपरीवाले साठीचे गृहस्थ होते. मी त्यांना पाण्याखालच्या गावांविषयी विचारले. प्रथम त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले, मग हातातले फडके खांद्यावर टाकून ते बाहेर आले आणि पाण्याच्या मध्यावर बोट रोखून म्हणाले, "तिथं आमच्या आज्याची खाचरं व्हती. आंबेमोहोर पिकायचा. आजा म्हणायचा, एका घरात भात शिजला तर वास साऱ्या आळीला जायचा." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुमी कुठलं?"

"मुंबईचा."

"मंग आमचं पानी तुमच्याकडंच येतं की! वीज हून येतं."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. चहाचे पैसे मात्र त्यांनी मोजून घेतले, आणि ते मला बरे वाटले.

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी टाटा वीज कंपनीने हे धरण बांधले. मुळेचे पाणी मूळचे पूर्ववाहिनी. पुण्याला मुठेस मिळून ते भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात जावयाचे. धरणाने ते अडविले, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे वळविले आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे उतरविले. तेथील वीजगृह १९२७ साली सुरू झाले. या प्रकल्पाची झळ बावन्न गावांना लागली. जमिनी घेण्यासाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या हाती दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. स्त्रिया-पुरुष बांधकामाच्या जागी जाऊन बसले आणि काही महिने काम थांबलेही. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. परंतु यातल्या कितीतरी जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या पेटीत होते, आणि त्यांना जमिनीपेक्षा मोबदला प्रिय होता. १९२४ मध्ये लढा मोडला. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा इतिहास मराठीत लिहून ठेवला आहे. माझ्यासारख्याने तो वाचावयास इतकी वर्षे लावावीत, हा दोष माझा.

ताम्हिणीला विंझाईच्या देवराईच्या सावलीत आम्ही भाकरी सोडली. दुपारी परतताना ऊन तापले होते. दोघे ब्रदर पुढे निघून गेले आणि मी तलावाच्या कडेकडेने एकटाच सायकल हाकीत राहिलो. तेव्हा नाबोथ आठवला.

जुन्या करारातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात ही कथा येते. अहाब राजाला आपल्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. ही कथा सांगताना आपण ईजबेलीचे कपट आणि नाबोथाला झालेला दगडमार यांवर भर देतो. परंतु राजाचे पहिले बोलणे वाजवी होते, हे आपण विसरतो. त्याने याहून चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत देऊ केली. आजच्या भाषेत बोलायचे तर मोबदला आणि पुनर्वसन, दोन्ही! तरीही नाबोथ नाही म्हणाला. भाव कमी होता म्हणून नव्हे, तर वाडवडिलांचा वारसा ही विकावयाची वस्तूच नव्हे म्हणून. मुळशीच्या मावळ्याने नाबोथाचे नावही ऐकले नसेल, पण उत्तर त्याने तेच दिले.

मग अहाब कोण? एखाद्या कंपनीकडे वा सरकारकडे बोट दाखवून मला मोकळे होता आले असते. परंतु माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठीच तर सह्याद्रीतले हे तलाव बांधले गेले. वडिलांच्या पगारावर आमची चूल पेटली, माझी फी भरली गेली, आणि आईने मला सेमिनरीत धाडताना नवे कपडे शिवले. आज ज्या चर्चमध्ये मी मिस्सा अर्पण करतो, तेथे बेस्टची वीज येते, आणि बेस्ट ती टाटांकडून घेत आली आहे. म्हणजे त्या आजीच्या माहेरावर चढलेल्या पाण्याचा अंश माझ्या वेदीवर उजेड पाडीत होता, आणि त्याच उजेडात उभे राहून मी तिच्या माहेराचे रूपक करीत होतो.

त्या विजेने लक्षावधींना भाकर दिली, हे मी नाकारीत नाही, आणि धरण फुकट गेले असेही म्हणत नाही. परंतु ज्याच्या ताटातून घास आला त्याचे नावही ठाऊक नसताना केलेली प्रार्थना अर्धीच राहते. त्या दिवशी तलाव सकाळइतकाच सुंदर होता. संध्याकाळच्या उन्हात डोंगर तांबूस झाले तेव्हा तर अधिकच. सौंदर्य खोटे नव्हते. मी मात्र इतकी वर्षे त्याचा वरचाच थर पाहिला होता.

येताना पळशाच्या अलीकडे ती झोपडी मी शोधली. तेथे आता पक्के घर आहे आणि त्याला कुलूप होते. अंगणाच्या कठड्यापाशी क्षणभर उभा राहून मी त्या आजीसाठी प्रार्थना केली. तिचे नाव मला ठाऊक नाही, म्हणून 'जिने मला पाणी दिले ती' एवढेच देवाला सांगितले.

पुढच्या रविवारी मुंबईत परतल्यावर मी प्रवचनात ही हकीकत सांगितली. स्वर्गाचा उल्लेख केला नाही. तिचे वाक्य तिने उच्चारले होते तसेच म्हटले आणि गावे पाण्याखाली कशी गेली ते सांगितले. मिस्सानंतर एक वृद्ध बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या. त्यांचे माहेरही एका धरणात गेले होते, दुसऱ्या जिल्ह्यातले. "फादर, तीस वर्षे या चर्चमध्ये येते, पण कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मी खुर्ची पुढे केली आणि त्यांच्या गावाचे नाव विचारले.

जुन्या प्रवचनांची वही अजून माझ्यापाशी आहे. ते पान मी फाडले नाही. माहेर हा शब्द मात्र हल्ली फार जपून उच्चारतो.